जिभेखालची गोळी

गोळ्यांच्या नादी लागलेल्यांवर आपल्या साध्या दवाखान्यातच उपचार करावेत, म्हणून नर्सबाईंनी डॉक्टरांच्या मागे वर्षभर टुमणं लावलं होतं. डॉक्टर म्हणायचे, "खोकल्या-तापाच्या लोकांत ही भानगड नको. काही झालं तर निस्तरायचं कुणी?" अखेर ते कसेबसे तयार झाले, तेव्हा बाईंनी पहिला पेशंट म्हणून आणला तो स्वतःचा धाकटा भाऊ. पाठीच्या ऑपरेशननंतर दुखण्यावर दिलेल्या अफूच्या जातीच्या गोळ्या त्याला सुटता सुटेनात. नोकरी गेली, बायको माहेरी गेली, गोळ्या तेवढ्या राहिल्या.

या उपचाराची एक अट भारी आडमुठी. जुन्या गोळ्यांची ओढ मोडणारी, जिभेखाली ठेवायची नवी गोळी द्यायची ती जुनी पुरती उतरून माणूस चांगला थरथरायला लागला, नाक गळायला लागलं, की मगच. अंगात जुनी गोळी शिल्लक असेल तर नवी तिला हुसकावते आणि माणसाचे हाल कुत्रा खात नाही. बाईंनी हे घरी पुन्हापुन्हा बजावलं होतं.

सकाळी भाऊ आला तो केस विंचरून, इस्त्रीचा शर्ट घालून. हात जरासे कापत होते, बस. बाईंना कौतुकच वाटलं. केवढा धीर धरलाय पोरानं!

"कालपासून काही घेतलं नाही ना?" डॉक्टरांनी विचारलं. "फारच ठीक दिसतोय हा. दुपारपर्यंत थांबू या का?"

"शप्पथ नाही घेतलं," भाऊ म्हणाला.

"माझा भाऊ आहे, डॉक्टर. मी सांगते ना!" बाई म्हणाल्या. दुसऱ्या कुणाला त्यांनी बाकावर बसवून ठेवलं असतं.

गोळी विरघळली आणि थोड्याच वेळात भाऊ खुर्चीवरून खाली आला. ओकाऱ्या, पोटात पेटके. भरल्या दवाखान्यात तो गुरासारखा ओरडत होता. एकीनं तापलेलं लेकरू उचललं आणि ती चालती झाली. तिच्यामागे अर्धा दवाखाना रिकामा झाला. डॉक्टरांनी सलाईन लावलं, त्याला सावरलं आणि हात धुतले.

"फिटली हौस? आजपासून हे बंद."

संध्याकाळी त्याला घरी आणलं, तर आई दारातच म्हणाली, "मी सकाळी गुपचूप चहातून त्याच्या जुन्यातली अर्धी गोळी दिली म्हणून निभावला गं! नाहीतर मेलाच असता. चारचौघांत नाक गाळत गेला असता तर तुझी तरी काय अब्रू राहिली असती?"

बाई म्हणाल्या, "आई, त्या अर्ध्या गोळीनंच घात केला!"

"म्हणजे मीच वैरीण!" आईच्या डोळ्यांना धार लागली.

बाई भावाकडे वळल्या. "ऐकलंस ना? चूक त्या औषधाची नव्हती. मी दुसरीकडे नेते तुला. फक्त एक रात्र कळ काढ रे."

"ताई, हिच्या गोळीनं मी चालत गेलो. तुझ्या गोळीनं लोळलो. तूच सांग, कुणाचं ऐकू?"

बाईंकडे उत्तर होतं, पण त्याला ते नकोच होतं. त्यानं आईपुढे हात पसरला आणि आई लगबगीनं जुन्या गोळ्यांची डबी आणायला आत गेली.