एका रिंगचा सांगावा

येसू गेल्यापासून मला एका जागी बसवत नाही. कापूरहोळच्या गाळ्यात बसलो की उठून रस्त्यापर्यंत जातो, परत येतो, चहा सांगतो आणि चहा यायच्या आत पुन्हा उठतो. गाळा आता माझ्या मुलाचा, संपतचा. तो मोबाईल दुरुस्त करतो. पूर्वी तिथंच माझा एसटीडी बूथ होता.

"आबा, एकतर आत बसा न्हाईतर बाहेर," संपत परवा वैतागून म्हणाला. "गिऱ्हाइकाला वाटतंय, तुमचं काहीतरी हरवलंय."

"मग वाटू दे की."

येसूचं वर्षश्राद्ध पुढच्या आठवड्यावर आलं होतं. एके दिवशी सकाळी आंबवड्याच्या घरी सुनेनं, वर्षाराणीनं, भाकरी थापता थापता विचारलं, "आबा, आत्यांच्या माहेरचं पान कुणाचं मांडायचं?"

मी चप्पल घातली आणि बाहेर पडलो.

येसूचं माहेर म्हणजे तिची थोरली बहीण धोंडाबाई. आम्ही त्यांना आक्का म्हणतो. गुंजवण्याच्या वरच्या अंगाला, डोंगरात त्यांचा वाडा आहे. थोडी घरं, शेरडं-मेंढरं, म्हशी. आईबाप गेल्यावर येसूला तेवढंच माहेर उरलं होतं.

आमच्यात नवऱ्याआधी बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं घालतात. ते माहेरच्या माणसानं घेऊन यायचं असतं. ते येईपर्यंत उचलत नाहीत. आम्ही येसूला अंगणात ठेवून वाट पाहिली. ऊन वर आलं. नातेवाईक म्हणाले, किती ताटकळायचं. शेवटी संपतनं भोरातून साडी आणवली. साडी चांगली होती, हिरवी होती. पण ती सासरची होती.

आक्का आल्या नाहीत. दहाव्याला नाहीत, तेराव्यालाही नाहीत. त्यांचा मोबाईल बंद. वाड्यावरचा चिमाजी खाली दूध घालायला येतो, त्याच्याकडं निरोप ठेवला. तो म्हणाला, "म्हातारी बोलतच न्हाई वो कुणाशी." सगळ्यांनी ठरवलं की रीतसर सांगावा गेला नाही म्हणून आक्का रुसल्या. मला त्याचाच राग आला. सख्खी बहीण गेली आणि ही बाई मानपान धरून बसली. वर्ष त्या रागात गेलं.

रागात गेलं खरं, पण रीत मलाही ठाऊक होती. ती मीच पाळत आलो होतो.

तरुणपणी मी चालायला वाकबगार होतो, म्हणून भावकीतले सांगावे माझ्याकडं यायचे. कुणी गेलं की मी डोंगर चढून पलीकडच्या वाड्यावर जायचो. सांगावा नेणारा, म्हणजे सांगाव्या, अंगणात जात नाही. तो बांधावर थांबतो, टोपी काढतो, घरच्याचं नाव घेऊन हाळी देतो आणि गेलेल्याचं नाव सांगतो. तो त्या घरचं पाणी पीत नाही. सांगितलं की मागं वळायचं. तोंडावर सांगितल्याशिवाय माणूस गेला असं धरत नसत.

मग बूथ आला. मी कापूरहोळला गाळा घेतला आणि भोर-वेल्ह्याच्या कितीतरी घरांचा पी.पी. नंबर झालो. लग्नपत्रिकेवर, नोकरीच्या अर्जावर लोक माझा नंबर लिहायचे. मुंबईहून पोरगा फोन करायचा, "आमच्या बाला बोलवा, दहा मिनिटांनी परत करतो." बा असायचा डोंगरावर. तो दहा मिनिटांत काय, दहा तासांतही येत नसे. मी निरोप चिठ्ठीवर लिहून वेल्ह्याच्या एसटीच्या कंडक्टरकडं द्यायचो. पोरगी झाली, पोरगा पास झाला, सगळं चिठ्ठीवर जायचं. फक्त मयताचं कधी चिठ्ठीवर पाठवलं नाही. तेव्हा मी येसूला बूथवर बसवायचो आणि स्वतः जायचो. येसूला लिहिता येत नव्हतं, पण ती माझ्यापेक्षा जास्त बोलायची. गिऱ्हाईक फोन ठेवून पैसे देईपर्यंत तिनं त्याच्या घरची सगळी हकिकत काढलेली असायची.

मोबाईल आले आणि बूथ बसला. सुरुवातीला बोलणं महाग होतं, म्हणून लोक नुसती रिंग देऊन कापायचे. येसूचं आणि आक्कांचं ठरलं होतं. एक रिंग म्हणजे पोचले, बरी आहे. लागोपाठ दोन म्हणजे तू फोन कर. आक्कांच्या घरात रेंज नाही. वाड्याच्या खालच्या उंबराला पत्र्याचा डबा टांगून त्यात त्यांचा मोबाईल ठेवलेला असायचा. दिवसातून कुणीतरी जाऊन बघायचं, कुणाची रिंग आली का.

पुढं बोलणं फुकट झालं. संपत दोघींना सांगून दमला. "मावशी, बोला की आता! पैसे न्हाई पडत."

आक्का म्हणायच्या, "बोलाय भेटल्यावर बोलू. हे पोचल्याचं हाय."

दोघींनी ते सोडलं नाही. बाजार करून आली की येसूची एक रिंग. पुण्याला डॉक्टरकडून आली की एक रिंग.

हे सगळं डोक्यात फिरत होतं आणि मी एसटीत बसलो होतो. बसलो म्हणजे दोनदा जागा बदलली. मार्गासनीला उतरलो, जीपनं गुंजवण्यापर्यंत गेलो आणि चढाला लागलो. मनात भांडणाची तयारी चालली होती. आक्कांना काय काय सुनवायचं ते मी मोठ्यानंच बोलत होतो. वाटेवरची शेरडं बाजूला झाली.

उंबरापाशी दम घ्यायला थांबलो तर डबा तिथंच होता. गंजला होता. झाकण उघडलं तर आत मोबाईल. पाणी जाऊन त्याची बॅटरी फुगली होती, बटणांवर मुंग्यांनी माती आणली होती. आक्कांनी तो रागानं बंद केला नव्हता. त्याला वर्षभर कुणी हातच लावला नव्हता. मी तो खिशात घातला. तयार केलेली भांडणाची वाक्यं तिथंच विसरलो.

वाड्यावर कुत्रं भुंकलं. आक्का म्हशीला वैरण टाकत होत्या. पार वाळल्या होत्या.

"कोण हाय?"

"म्या हाय. गेनबा."

त्या म्हणाल्या, "या पाव्हणं. लई दिसांनी वाट घावली."

मी अंगणात जाऊन घोंगडीवर बसलो. त्यांनी पाण्याचा तांब्या आणला. तहान लागली होती, मी अर्धा तांब्या प्यायलो. मग खिशातला मोबाईल काढून समोर ठेवला.

आक्का दोन पावलं मागं सरकल्या. "ते हितं कशापाई आनलं?"

"उंबरावर हुतं. आक्का, तुमचा राग कळतोय मला. माणूस पाठवाय पायजे हुता. पर म्या दवाखान्यात हुतो, पोरगा घाबरलेला. त्यानं त्याच्या परीनं कळवलं…"

"कुनाचा राग?"

"आमचा."

"तुमचा राग म्या कशाला करू?" त्या उंबरठ्यावर बसल्या. बगलेतली वैरण तशीच होती. "येसू तिकडं पुन्याला दवाखान्यात. हितं आमाला झोप न्हाई. रोज दिवस बुडायच्या आत उंबराला जायाची म्या. त्या दिशी रातीचं चिमाजीची सून मेंढरं घिऊन त्या वाटंनं आली. म्हनली, आजी, तुमच्या बहिनीची रिंग हाय. म्या इचारलं, किती? म्हनली, एकच हाय."

मला पुढचं दिसायला लागलं होतं.

"एकच म्हनल्यावर काय समजायचं? पोचली. बरी हुन घरी पोचली. सकाळी उठले, भैरोबाला नारळ फोडला. नवस बोलले हुते. गूळ-खोबरं केलं आन समद्या वाड्यावर वाटलं, पाव्हणं. घरोघरी जाऊन. चिमाजी म्हनला, आजी, आज लई खूश हाय."

त्याच सकाळी आम्ही अंगणात लुगड्याची वाट बघत होतो.

"तिसऱ्या दिशी चिमाजी डेरीवरनं आला. काय बोलंना. म्या म्हनले, कारं, थोबाड का पाडलंयस? मंग बोलला." त्यांनी वैरण खाली टाकली. "आता सांगा, कुठल्या तोंडानं येऊ? बहीन तिकडं जळतीया आन म्या हितं गोड वाटतीया. ज्यांनी खाल्लं, त्यांच्याकडं अजून बघवत न्हाई मला."

ती रिंग संपतनं दिली होती. मावशीचा नंबर येसूच्याच मोबाईलमध्ये होता, म्हणून त्यानं त्यावरूनच लावला. ॲम्ब्युलन्समधून, आईच्या उशाशी बसून. एकदा वाजला आणि रेंज गेली. त्याला वाटलं, मावशी रिंग बघून फोन करतील. मग त्यानं परिवाराच्या ग्रुपवर लिहिलं. लोकांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. कुणीतरी विचारलं, मावशींना कळलं का? दुसऱ्या कुणीतरी लिहिलं, कळवलंय. गाळ्यात रोज दहा मोबाईल उघडणाऱ्या पोराला त्या रिंगचा अर्थ त्या रात्री आठवला नाही. तो फोन त्यानं लावला हे मलाही पुढं त्याच्याच तोंडून कळलं, पण त्या एका रिंगचा अर्थ मीही लावला नव्हता.

मी हे सगळं आक्कांना सांगितलं. त्या ऐकत होत्या.

"पोराचा काय गुन्हा?" त्या म्हणाल्या. "त्याची आई गेली हुती."

"मग चला आक्का. पुढल्या आठवड्यात वर्ष हाय. तुमचं पान हाय. झालं ते ठाऊक हाय आता दोगांना बी."

"ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. "पर सांगितलं कुनी न्हाई."

"आत्ता तर सांगितलं."

"हे सांगनं हाय व्हय?" पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "आमचा चुलता वारला तवा सांगावा घिऊन तुमीच आला हुता. त्या तिथं, बांधावर हुबं ऱ्हायलात. माझी आई पानी घिऊन आली तर तोंड फिरवलंत. चुलता बेवडा हुता, सोयऱ्यांत कुनी इचारत नव्हतं त्याला. त्याला तेवढा मान दिलात. आन माझ्या येसूचं सांगाय आलात ते घोंगडीवर बसून, पानी पिऊन?"

तांब्या माझ्या हातातच होता. मी तो खाली ठेवला आणि उठलो. अंगण ओलांडून बांधावर गेलो. टोपी काढली.

कितीतरी वर्षांनी हाळी द्यायची होती. छाती भरून घेतली.

"धोंडाबाईऽऽ! आंबवड्याची येसूऽऽ…"

पुढचा शब्द निघेना. मला तिथं उभ्या उभ्या कळलं की वर्षभरात तो शब्द मी एकदाही तोंडानं बोललो नव्हतो. दवाखान्यात डॉक्टर बोलला. ग्रुपवर संपतनं लिहिलं. गाळ्यात कुणी विचारलं तर संपत नाहीतर शेजारचा चहावाला सांगायचा आणि मी उठून रस्त्यावर जायचो.

"येसू गेलीऽऽ! लुगडं घिऊन याऽऽ!"

समोरच्या डोंगरावरून आवाज फिरून आला. आक्कांनी कपाळावर हात मारला आणि हंबरडा फोडला. तो ऐकून घराघरातून बायका बाहेर आल्या. ज्यांनी खोबरं खाल्लं होतं त्याच बायका. त्यांनी आक्कांना धरलं आणि त्याही रडायला लागल्या. मी टोपी घातली, मागं वळलो आणि उतरायला लागलो. सांगाव्यानं थांबायचं नसतं. माझेही डोळे वाहत होते, वाट दिसत नव्हती.

उंबरापाशी बसलो. किती वेळ बसलो ते ठाऊक नाही, पण एवढं खरं की एका जागी बसलो.

मागून काठीचा आवाज आला. आक्का उतरत होत्या. अंघोळ केलेली होती, केस ओले होते. बगलेत फडक्यात बांधलेलं गाठोडं.

"एवढी काय घाई?" त्या म्हणाल्या. "म्हाताऱ्या बाईला हात देऊन उतरवत न्हेलं तर रीत मोडंल व्हय?"

"सांगावा दिल्यावर थांबत न्हाईत."

"उंबराखाली मंग काय करताय?"

मी हात पुढं केला. गाठोड्यातलं लुगडं हिरवंच होतं. येसू बरी होऊन आली की नेसवायचं म्हणून वेल्ह्याच्या बाजारात घेतलेलं, घडी न मोडलेलं.

"हे आता येसूच्या नावानं पाटावर ठिवा," त्या म्हणाल्या. "मंग वर्षाराणीला नेसू द्या. म्या आठ दिस ऱ्हाते तिच्या हाताखाली. म्हशी चिमाजी बघंल."

मार्गासनीच्या थांब्यावर आलो तर रेंज आली. संपत काळजीत असणार, सकाळी न सांगता निघालो होतो. मी मोबाईल काढला, त्याचा नंबर लावला आणि एकदा वाजल्यावर कापायला अंगठा नेला. सवयच ती.

आक्कांनी माझं मनगट धरलं.

"बोला," त्या म्हणाल्या.

तिकडून संपत ओरडत होता. "आबा! कुठं हायसा तुमी? सकाळधरनं नुस्तं…"

"आक्का संगं हायत," मी म्हणालो. "माहेरचं पान मांडाय सांग."

तो हळूच म्हणाला, "मावशी आल्या?"

"ह्या काय. बोल त्यांच्याशी."

आक्कांनी मोबाईल दोन्ही हातांनी धरून कानाला लावला. नुसतं नाक ओढल्याचं ऐकू येत होतं, इकडून आणि तिकडूनही. एसटी आली तरी त्यांनी फोन ठेवला नाही. तसाच कानाला लावून त्या पायरी चढल्या.