वंगण पाजलेला ब्रेक

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि कल्पना करा. तुम्ही एका बंद लोखंडी डब्यात आहात. डब्याची भिंत तुमच्याभोवती गरगरा फिरते आहे. अचानक तार ओढली जाते आणि तुम्हाला एकच हुकूम होतो: या फिरत्या भिंतीला पाठ लावा आणि तिला थांबवा. पाठ सोलते, जळका वास सुटतो, तरी हटायचे नाही.

हे ज्याचे रोजचे काम होते, तो मी. मी एक जुना लायनर आहे, मोटारसायकलच्या पुढच्या ब्रेकचा. आम्ही जोडीचे दोघे भाऊ, अर्ध्या बांगडीसारखे वाकलेले. माझा जन्मच दांडगाईत झाला. कसलासा चुरा तापल्या साच्यात कोंबून वरून असा दाब दिला की त्याचा दगड व्हावा. मग धातूच्या पट्टीवर ठेवून माझ्या अंगात पितळी खिळे ठोकले. ओरडायला मला तोंड नव्हते. ते पुढे चाकात गेल्यावर मिळाले.

वाळूजच्या नाक्यावर हबीबभाईंचे गॅरेज होते. चौऱ्याण्णव सालच्या संक्रांतीच्या आठवडाभर आधी कडूबा तिथे आला. तो मेंढपाळाच्या घरातला, घरातून कारखान्यात गेलेला पहिलाच माणूस. त्याच्यामागे कचरू बसला होता. कचरू त्याच गावच्या बौद्धवाड्यातला, कडूबाच्याच लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर, काम करणारा. एकाच पाळीला दोघे एकाच गाडीवर जात. दोघांच्या मध्ये बसली होती कचरूची बारा वर्षांची मुलगी भामा. तिला वह्या घ्यायच्या होत्या, पण ती वह्या विसरून चाकाशीच बसली.

हबीबभाईंनी चाक काढले, झिजलेले लायनर उपटले, ड्रम, म्हणजे तो फिरता लोखंडी डबा, पेट्रोलने पुसला. भामाने मला उचलायला हात पुढे केला, तसे ते ओरडले.

"तेल का हाथ नक्को लगाव, बेटा! ये सूखा है तब तलक ईमानदार है."

"पण चाचा, कोरडा राहिला तर ओरडंल की."

"चिल्लाने दे. चार दिन चिल्लाएगा, फिर चुप हो जाएगा."

आणि मी खरोखरच ओरडलो. कडूबाने ब्रेक दाबला की 'कुईं' असा आवाज गावभर जाई. पारावरची मंडळी हसत. "कडूबा, गाडीत कुत्र्याचं पिल्लू बसवलंय व्हय रं?"

कडूबाच्या वडिलांना, मुंजाबांना, हे हसणे सहन होईना. त्यांनी उभी हयात मेंढरे राखली आणि बैलगाडी हाकली होती. गाडी कुरकुरली की आखाला वंगण द्यायचे, हे त्यांना हाताच्या रेषांइतके पाठ होते. एरंडेल आणि काजळीचे ते काळे वंगण.

संक्रांतीच्या दिवशी बातमी आली. मराठवाडा विद्यापीठाच्या नावात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आले. त्यासाठी कित्येक वर्षे माणसे लढली होती, मेली होती. बौद्धवाड्यात गूळ वाटला गेला. संध्याकाळी भामा तिळगूळ घेऊन कडूबाच्या दारी आली, तेव्हा मुंजाबा चाकापाशी उकिडवे बसून कोंबडीच्या पिसाने माझ्या डब्याच्या फटीत वंगण सोडत होते.

"आजोबा, नका! त्याला तेल चालत नाय. हबीबचाचांनी सांगितलंय."

मुंजाबांनी मान वर केली. "तुझ्या आज्यानं कधी गाडी हाकली व्हती का गं? म्हणं तेल चालत नाय. नाव बदललं तर लगेच शिकवाया लागल्या."

भामाने तिळगूळ ओट्यावर ठेवला आणि ती निघून गेली. काळा थेंब माझ्या पाठीवरून ओघळला. मी गप्प झालो. मुंजाबा खूश झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नावाचा राग धरून गावातलीच पंधरा-वीस माणसे बौद्धवाड्यात घुसली. हातात काठ्या, कुऱ्हाडी, रॉकेलचे डबे. आधी कडब्याची गंजी पेटली, मग छपरे. भांडी फुटली, कौले फुटली, एका म्हातारीला केसांना धरून अंगणात ओढले. कचरू दारात आडवा उभा राहिला. त्याच्या खांद्यावर कुऱ्हाड बसली आणि तो उंबऱ्यावरच कोसळला.

धूर पाहून कडूबाने गाडी थेट तिथे घातली.

"कडूबा, तू आपला हायेस. मधी पडू नको," कोणीतरी दरडावले.

"माझ्या लेथवरचा माणूस हाय. सरक बाजूला!"

त्याने कचरूला मागे बसवले, त्याच्यामागे भामा, बापाला दोन्ही हातांनी कवटाळून. कचरूला शहरातल्या दवाखान्यात लवकर पोहोचवले नाही, तर रक्त जाऊनच तो मरणार होता.

वेशीबाहेरच्या वळणावर रस्त्यात दगडांची रांग रचलेली होती. कडूबाने पुढचा ब्रेक करकचून दाबला. मी पाठ लावली, आणि मित्रांनो, मी घसरलो! भिंत माझ्या पाठीवरून ओल्या माशासारखी निसटत राहिली. गाडी दगडांवर आदळली. कडूबाचा उजवा पाय गाडीखाली सापडला आणि घोट्यात मोडला. मागून आरोळ्या ऐकू येत होत्या. तिघांनी कसेबसे गाडीसकट बाजूच्या शाळूच्या उभ्या पिकात अंग टाकले.

कडूबा दात आवळून म्हणाला, "मागचा ब्रेक पायाचा, आन् पाय तर गेला. पुढचा धरत नाय. पुढं नदीचा उतार हाय, भामे."

"काका, पान्हे कुठंयत?"

"तुला जमंल?"

"काढताना बघितलंय. नट तेवढा ढिला करा, माझा जोर नाय पुरायचा."

तिने इंजिनाखाली दगड लावला, आख ओढला, चाक आडवे केले. मी उजेडात आलो, काळा, चिकट, लाजलेला. तेवढ्यात माणसे पिकात शिरली. काठ्या सपासप धाटांवर पडू लागल्या. कणसे तुटून भामाच्या अंगावर पडली. तिने वॉशर दातांत धरला आणि कचरूच्या तोंडावर हात दाबला, त्याचे कण्हणे ऐकू जाऊ नये म्हणून. एक काठी हातभर अंतरावर आपटली. मग आवाज ओढ्याकडे गेले.

भामाने बापाच्या सदऱ्याचा रक्त न लागलेला कोपरा फाडला, टाकीच्या नळीखाली पेट्रोलने भिजवला आणि आम्हा दोघा भावांना पुसले. ड्रम पुसला. मग खडबडीत दगड घेऊन तिने मला घासले. माझी कातडी सोलून निघाली. इतके सुख मला कधीच झाले नव्हते. मला फक्त कडेने धरून तिने जागेवर बसवले आणि आख आत सारला. नट कडूबाने आवळला.

भामाने किक मारली, तिघे पुन्हा गाडीवर बसले आणि उतारावर गाडी सुसाट सुटली. पुलावर बैलगाडी आडवी लावून दोघेजण काठ्या घेऊन उभे होते. कठड्याशी जेमतेम गाडी जाईल एवढी फट होती. कडूबाने ब्रेक दाबला. मी असा ओरडलो की बैल बिचकले. पाठ जळाली, धूर निघाला, पण मी हटलो नाही. वेग उतरला, हँडल वळले, कडूबाच्या पाठीत एक काठी बसली आणि आम्ही फटीतून पलीकडे निघालो.

त्या दगडाने मी वाकडातिकडा झिजलो होतो. महिनाभरात हबीबभाईंनी मला बदलले, पण भंगारात टाकले नाही. तेव्हापासून मी त्यांच्या फळीवरच्या एका डब्यात पडून आहे. मित्रांनो, गाडीला वंगण हवे तिथे जरूर द्या आणि ब्रेक मात्र कोरडा ठेवा. आणि कोणी सावध केले, तर आधी काय सांगितले ते बघा. सांगणारा कोणाचा कोण, याची चौकशी करत बसाल तर तेवढ्यात कोणाचा तरी जीव जायचा.

त्या दिवशी दवाखान्याच्या फाटकाशी मी उभ्या गाडीत निवत होतो. कचरूला आत नेले होते. वाचेल, असे डॉक्टर सांगून गेले होते. पाय बांधलेला कडूबा पायरीवर बसला होता, भामा चाकाशी. दुधाच्या गाडीने मुंजाबा येऊन पोहोचले. त्यांनी मुलाचा पाय पाहिला, ब्रेक कसा घसरला ते ऐकले आणि मग माझ्या चाकाकडे पाहिले. एक हवालदार वही घेऊन आला.

"कुऱ्हाड कोणी घातली?"

"म्या मागून आलो, साहेब. हिनं बघितलंय," कडूबा म्हणाला.

हवालदाराने वही मिटली. "एवढीशी पोर काय सांगणार? घाबरलेली असंल. कोणी मोठं माणूस नाय का?"

"लिहा, साहेब." मुंजाबा पुढे आले. "काल ही मला सांगत व्हती, म्या ऐकलं नाय. माझ्या पोराचा पाय गेला. तुमी तरी ऐका. माझ्या घरचं कोणी आसलं तरी लिहा."

वही पुन्हा उघडली.

भामा उठली. तिने काळे झालेले हात परकराला पुसले, हवालदारासमोर जाऊन उभी राहिली आणि मुंजाबांच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "सोनाजी. ह्या आजोबांचा पुतण्या."