कढईखालचं कडं

सासूचा पाय भाजला त्याला आठवडा होत आला होता आणि तिवीच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

क्लातेन गावातल्या त्यांच्या गल्लीत सासूच्या, म्हणजे कार्सिनाच्या, हातच्या पेयेकला, तळलेल्या कुरकुरीत पापडीला, तोड नव्हती. शेंगदाणे घातलेलं पातळ पीठ थेट तेलात सोडायचं नाही, पळी कढईच्या कडेला टेकवून तेलाच्या वर ओतायचं. मग ते ओघळत तेलात उतरतं आणि कुरकुरीत होतं. त्यासाठी कढई गोल बुडाचीच लागते. घरात गॅस आला तेव्हा कढईसाठी शेगडीवर लोखंडी कडं बसवलं होतं, नाहीतर ती डुगडुगते.

ते कडं त्या सकाळी तिवीनेच काढलं. कड्यावर भाताचं पातेलं उंच राहतं, भाताला वेळ लागतो, म्हणून. भात झाल्यावर तिने कढई कडं न बसवता तशीच शेगडीवर ठेवली, तेल ओतलं, गॅस लावला आणि स्वतः बाईसाहेब कपडे वाळत घालायला गेल्या. सासूने कडेला पळी टेकवली, कढई कलंडली, कढत तेल पायावर आलं. तिवीने धावत येऊन गॅस बंद केला, पायावर गार पाणी ओतलं. आणि कोणी बघायच्या आत कडं पुन्हा शेगडीवर ठेवून दिलं.

"हात थरथरला गं माझा," असं कार्सिना येईल त्याला सांगत होती. आता ती स्वतःचा चहासुद्धा ओतून घेत नव्हती. तिवी ऐकायची आणि तिला चहा ओतून द्यायची. तिला स्वतःची किळस येत होती.

आज शेजारची यात्मी कढई न्यायला आली. पेयेक विकणं सोडून कार्सिनाने ती तिला द्यायचं ठरवलं होतं.

"लग्नांचा महिना तोंडावर आलाय, आणि तू दुकान बंद करतेस? माझं पेयेक म्हणजे चपलेचा तळ. लोक मला शिव्या घालतील."

"चावू दे की, दात बळकट होतील," कार्सिना म्हणाली. उजवा हात तिने मांडीखाली दाबून ठेवला होता.

यात्मीने कढई उचलली, तशी तिवी दारात आडवी आली आणि सासूला म्हणाली,

"इबू, तुमचा हात थरथरला नव्हता. कढईखाली कडंच नव्हतं. मी काढलं होतं, आणि नंतर गुपचूप परत ठेवलं."

यात्मीने कढई खाली ठेवली. कार्सिनाने हात बाहेर काढला, बोटं पसरून समोर धरला. हात स्थिर होता.

"म्हणजे हा धड आहे?"

"हो, इबू."

"रोज झोपताना मी हा दुसऱ्या हाताने दाबून धरत होते, न्दुक, पोरी. अजून दोन वर्षं तरी चालू दे, म्हणून देवाला विनवत होते." तिचे डोळे भरून आले. "पायाचं मी विसरेन. हा आठवडा नाही विसरायची."

तिवीने खाली ठेवलेली कढई उचलली आणि शेगडीवरच्या कड्यात नीट बसवली.