आधी मास्कच का

मी चौतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक, जाड बुडाचं लिटरचं माप, दोन्ही टोकांना किंचित घासलेली मीटरपट्टी, हे सगळं मी अत्यंत हसतमुख माणसांच्या दुकानांत पाहिलेलं आहे. त्यामुळे दुकानदार हसला की माझा हात आपोआप खिशातल्या वहीकडे जातो. निवृत्त झालो तेव्हा वही खात्यात जमा केली. हाताची सवय जमा करून घ्यायला कोणी तयार नव्हतं.

आमच्या हिने साठाव्या वर्षी समुद्राखाली जायचं ठरवलं. ही ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होती. आयुष्यभर बंद खोलीत, दिव्याखाली, दुसऱ्यांच्या पोटात बघत उभं राहिल्यावर तिला आता मासे बघायचे होते. "तुम्ही येताय की घरी बसताय?" एवढंच तिने विचारलं. घरी बसतो म्हणालो असतो तर ती एकटी गेली असती, म्हणून मीही नाव नोंदवलं.

क्लबाच्या तरणतलावातले धडे सुरू झाले. शिकवणारा काडीसारखा बारीक होता. त्याला सगळे बेडूक म्हणत, तेही तोंडावर, आणि तो ओ देई. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी, डोळ्यांवर आणि नाकावर काचेचा मास्क. हिला पहिल्याच दिवशी जमलं. मी तळाशी बसलो की मिनिटभरात मास्कमध्ये पाणी चढायचं. आधी नाक, मग डोळे. मी बुचासारखा वर यायचो. असं तीनदा झालं. भाड्याचा मास्क फुटका आहे, हे मी तिन्ही वेळा स्पष्ट शब्दांत सांगितलं.

"काका," बेडूक म्हणाला, "खाली कोणी एकटं जात नाही. प्रत्येकाला जोडीदार लागतो आणि जोडीदार असा मध्येच वर पळून चालत नाही. पुढच्या रविवारी समुद्रात, बोटीजवळ उथळ पाण्यात पाच मिनिटं बसून दाखवा. बसलात तर काकूंबरोबर तुम्ही."

"नाही बसलो तर?"

"तर तुम्ही बोटीवर. काकूंबरोबर डॉक्टर."

डॉक्टर म्हणजे आमच्या वर्गातला दातांचा डॉक्टर. वयाने आमच्याएवढाच, एकटा, तुळतुळीत दाढी केलेला. त्याचे स्वतःचे दात इतके पांढरे होते की मला ते पुराव्यासारखे वाटत. तो हिला म्हणाला, "गरज पडली तर मी आहेच." मी हे वाक्य लक्षात ठेवलं.

रविवारला नऊ दिवस होते. भाड्याच्या सामानावर माझा विश्वास उडालेला असल्यामुळे स्वतःचं घ्यायचं ठरलं. सगळं एकदम घेणं शक्य नव्हतं. आधी काय घ्यायचं, एवढाच प्रश्न होता. मी म्हटलं, रेग्युलेटर. टाकीतली हवा तोंडात आणून देणारं यंत्र. माणूस श्वासावर जगतो, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

दुकान बंदराच्या मागच्या गल्लीत होतं. रबराचा वास, भिंतीवर टांगलेले काळे सूट, जणू एखादं अख्खं पथक उन्हात वाळत घातलंय. दुकानदारीण पन्नाशीची होती. मी रेग्युलेटर मागितला. सगळ्यात महाग वस्तू होती ती.

"तो नको," ती म्हणाली. "आधी चेहऱ्याचं बघा, मग फुप्फुसांचं. मास्क घ्या."

चौतीस वर्षांत मला एकही दुकानदार असा भेटला नव्हता, ज्याने महाग वस्तू मागणाऱ्या गिऱ्हाइकाला स्वस्त वस्तूकडे वळवलं. मी तिच्याकडे नीट बघितलं. ती हसली. माझा हात खिशाकडे गेला.

"रेग्युलेटर खराब आहे का तुमचा?"

"छे. उत्तम आहे."

"मग द्या."

"पुढच्या महिन्यात देईन."

मी काही न घेता बाहेर पडलो आणि तडक बेडकाकडे गेलो. सहज विचारतोय असं दाखवत विचारलं, आधी काय घ्यावं? तो टाक्या धूत होता. मान वर न करता म्हणाला, "काका, आधी चेहऱ्याचं बघा, मग फुप्फुसांचं. मास्क घ्या."

आता ऐका. दोन साक्षीदार एकच गोष्ट सांगतात, तेव्हा ती खरी असू शकते. दोन साक्षीदार एकच वाक्य सांगतात, तेव्हा ते कोणीतरी पाठ करून घेतलेलं असतं. हा आमच्या खात्यातला अनुभव आहे. कुठेतरी पाणी मुरत होतं. संध्याकाळी डॉक्टर भेटला. मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "काय मग, ऐकलं तुम्ही सामान घेताय? मी म्हणतो, आधी चेहऱ्याचं बघा."

"मग फुप्फुसांचं?"

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

घरी येऊन मी हिला सगळं सांगितलं. ही भाजी निवडत होती. "तिघांची मिलीभगत आहे," मी म्हटलं.

"असेल," ती म्हणाली. "सोडणार थोडेच आहात तुम्ही."

सोडणार नव्हतोच. दुसऱ्या दिवशी क्लबातून तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे मास्क उसने आणले. न्हाणीघरात टब भरला. नाकाखालचा भाग पाण्यात बुडेल असा ओणवा झालो, तोंडात श्वासाची नळी, आणि घड्याळ लावून प्रत्येक मास्क पाच पाच मिनिटं लावला. मग आत साठलेलं पाणी मापाच्या नळीत ओतलं. नळीवर खात्याचा शिक्का होता, निवृत्तीच्या वेळी सहकाऱ्यांनी प्रेमाने दिलेली. पहिल्या मास्कात चाळीस मिलिलिटर. दुसऱ्यात बेचाळीस. तिसऱ्यात चाळीस.

मी जमिनीवरच बसलो. तीन कंपन्या, तीन आकार, तीन प्रकारचं रबर, आणि गळती जवळजवळ सारखीच. एवढी शिस्तबद्ध लबाडी मी नोकरीतसुद्धा पाहिली नव्हती. आपण कोणाला तरी पत्र लिहिलं पाहिजे, असं वाटू लागलं. पत्राची पहिली दोन वाक्यं तयारही झाली.

ही दारात उभी होती. गुडघे ओले, केसांतून पाणी गळतंय, अशा अवस्थेतल्या नवऱ्याकडे बघत तिने हात पुढे केला.

"द्या इकडे," ती म्हणाली.

पहिला मास्क तिने लावला, श्वासाची नळी तोंडात धरली, टबात तोंड घातलं आणि पाच मिनिटं अशी निवांत राहिली, जणू मागच्या जन्मी तिथेच राहत होती. मास्क काढून माझ्या हातात दिला. मी नळीत उपडा केला. थेंब नाही. बोट फिरवलं. कोरडा. नळी उजेडात धरून बघितली. दुसरा मास्क दिला. कोरडा. तिसरा. कोरडा.

खात्यात नव्याने आलेल्या प्रत्येक पोराला मी एकच गोष्ट शिकवायचो: दुकानदाराचा तराजू तपासण्याआधी आपलं वजन तपासा. प्रमाण म्हणून जे बरोबर नेताय तेच खोटं असेल तर सगळा पंचनामा खोटा. चौतीस वर्षं शिकवलं. आणि या तीन मास्कांच्या तपासणीत प्रमाण म्हणून मी जे वापरलं होतं, ते मी एकदाही तपासलं नव्हतं.

"मिशी," ही म्हणाली. "रबर कातडीला चिकटायला हवं. तुमच्या केसांतून पाणी आत येतं."

"हे तुला कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून. थिएटरमध्ये आयुष्य मास्क लावून काढलं मी."

"आणि त्या तिघांना?"

"त्यांना मीच सांगितलं होतं. मिशीचं कोणी बोलू नका, नुसतं मास्क घ्या म्हणा. दुकानात आरशासमोर लावून बघाल, घसरेल, मग आपोआप लक्षात येईल. वाक्यही मीच दिलं. तिघं शब्द न शब्द तेच म्हणतील हे मात्र मला वाटलं नव्हतं."

म्हणजे माझा संशय बरोबर होता. कट होता, सूत्रधार होता, साक्षीदार फितवलेले होते. फक्त सूत्रधार भाजी निवडत बसली होती.

"सरळ मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर मिशीच्या वतीने तुम्ही वकील दिला असता."

यात अन्याय होता, पण फार नाही. नोकरीला लागलो तेव्हा माझा चेहरा शाळकरी मुलाचा होता. पहिल्याच छाप्यात दुकानदाराने मला लिमलेटची गोळी दिली आणि बाबा कुठे आहेत विचारलं. त्या महिन्यापासून मिशी ठेवली ती आजतागायत. लग्न त्यानंतरचं. अडतीस वर्षांच्या संसारात हिने माझा वरचा ओठ पाहिलेला नव्हता. तिथे काय आहे, हे आता माझंही मला नक्की आठवत नव्हतं.

आधी मी तडजोड केली. नाकाखालची एक पट्टी काढली. टबातला आकडा चाळीसवरून पंधरावर आला. बेडूक म्हणाला, पट्टीवर पुष्कळांचं भागतं, नाहीतर व्हॅसलिन लावा. व्हॅसलिनच्या विक्रीत त्याचा काही वाटा आहे का याची मी थोडी चौकशी केली, काही सापडलं नाही. लावलं. आठ. आठ मिलिलिटर म्हणजे नाकाच्या वरपर्यंत नाही, पण मी स्वतःला ओळखतो. एक थेंब जरी आत आला तरी तो कोणी पाठवला याचा विचार करत मी वर येणार, आणि खाली डॉक्टर मासे दाखवणार.

शुक्रवारी सकाळी मी न्हाणीघराचं दार लावून घेतलं. काम सहा मिनिटांत झालं. आरशात जो माणूस होता, त्याच्या दुकानात मी शिरताक्षणी सगळी मापं जप्त केली असती. इतका निरागस चेहरा नेहमी खोटा असतो.

दार उघडलं. ही समोर टॉवेल घेऊन उभी. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"कोण पाहिजे आपल्याला?" तिने विचारलं.

तिने टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला, हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला आणि बराच वेळ बघत राहिली, जणू टाके नीट पडलेत का ते बघतेय. "बरंय," ती म्हणाली. हा शब्द तिने चाळीस वर्षं शल्यविशारदांना ऐकवला आहे आणि त्यांनी तो मुकाट्याने घेतला आहे.

दुपारी दुकानात जाऊन मास्क घेतला. पट्टा न लावता चेहऱ्याला टेकवला, नाकाने श्वास ओढला. मास्क जागच्या जागी राहिला. दुकानदारीण हसली. मी तिला पावती मागितली, आणि पावतीवरची तारीख दोनदा वाचली. तारीख बरोबर होती.

रविवारी बोटीजवळ पाच मिनिटं बसलो. खाली वाळू, वर बोटीचा तळ. मी पाण्याची वाट बघत होतो. दुसऱ्या मिनिटाला नाकाशी ओलावा आला असं वाटलं. घाम होता. तिसऱ्या मिनिटाला बेडकाने अंगठा आणि तर्जनी जुळवून ठीक का, असं विचारलं. मीही बोटं जुळवली. वर आल्यावर डॉक्टर म्हणाला, "अभिनंदन. चेहरा छान दिसतो हां." मी दातांकडे बघितलं. या वेळी ते नुसते दात होते. बहुधा.

मग आम्ही दोघं उतरलो. ही पुढे, मी बाजूला. निळ्या पाण्यात पिवळ्या माशांचा मोठा थवा आमच्या समोरून वळला. याच्यासाठीच ती आली होती. मी बोटाने दाखवलं. तिने बघितलं नाही. ती माझ्या मास्ककडे बघत होती, काचेच्या खालच्या कडेला, जिथे पाणी साठतं तिथे. बोटं जुळवून विचारलं, ठीक? मी म्हटलं, ठीक. दहा हात पुढे गेलो, पुन्हा वळली. ठीक? ठीक. पुन्हा. तिच्या डोळ्यांत ती नजर होती, जी मी चौतीस वर्षं दुकानदारांवर रोखली होती.

मी तिचं मनगट धरलं आणि तिला माशांकडे वळवलं. ती वळली. पण डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत राहिली.