उपासाच्या ताटातलं बाहेरचं

वेदिकाने टेबलाखालून सुजयच्या पायावर पाय दिला, तसा त्याने साबुदाण्याच्या खिचडीचा मोठा घास तोंडात कोंबला.

रत्नागिरीजवळच्या पावसला, घरी येताना गाडीवरच तिने त्याला बजावलं होतं, "आप्पांसमोर तुझे ते शब्द काढू नकोस. हापूस हे नाव पोर्तुगीज माणसाचं, हे तर चुकूनही नको. सगळा जन्म कलमांत गेलाय त्यांचा."

सुजय कॉलेजात भाषा शिकवायचा. कुठला पदार्थ कुठून नाव घेऊन आला, हे सांगितल्याशिवाय पठ्ठ्याला घास उतरत नसे. त्यात तो सांगलीचा, म्हणजे घाटावरचा. आप्पांनी लेकीला फोनवरच सुनावलं होतं, "येऊ दे, फराळ करू दे. पण मी लग्नाला हो म्हणेन असं समजू नको."

आणि आज नेमकी संकष्टी.

"कसंय," आप्पा म्हणाले, "आमच्या घरात बाहेरचं काही चालत नाही. हे उपासाचं ताटच बघा. एक जिन्नस बाहेरचा सापडतो का, दाखवा शोधून!"

अरे देवा! वेदिकाने पाय आणखी दाबला. सुजयला ठसका लागला.

"लाजू नका हो. बोला, बोला."

झालं! धरण फुटलं.

"साबुदाण्यातलं साबू मलायातलं," सुजय म्हणाला. "बटाटा पोर्तुगीजांनी आणला. नाव तर त्याहून लांबचं, अमेरिकेजवळच्या बेटांवरचं. शेंगदाणाही तिकडचाच. मिरचीचं नाव आपल्याच मिऱ्याचं, पण झाड बोटीतून आलेलं."

"जिरं?" आप्पांनी कोरड्या आवाजात विचारलं.

"जिरं आपलं."

एवढ्याशा जिऱ्यावर घराण्याची अब्रू आली. आप्पांचा चेहरा बघून वेदिकाने चमचा खाली ठेवला. संपलं सगळं.

तेवढ्यात तिची आई दमयंती पातेलं हातात घेऊन खुर्चीवर बसलीच. "म्हणजे माझ्या संकष्ट्या बाटल्या की काय? वेदूचं लग्न जमावं म्हणून धरल्या होत्या. हेदवीच्या गणपतीला बोलले होते मी."

"आई! मला कधी बोलली नाहीस."

"काकू, तसं नाही हो," सुजय कासावीस झाला. "माझं चुकलंच."

दमयंतीने त्याला नीट निरखलं आणि खिचडीचा आणखी एक डाव त्याच्या ताटात वाढला.

"नाही बाटल्या," ती म्हणाली. "पोचल्या. हा काय समोर बसलाय."

"मी अजून हो म्हटलेलं नाही," आप्पा म्हणाले.

"नका म्हणू. मग माझे उपास फुकट गेले, एवढं गणपतीला तुम्हीच जाऊन सांगा."

आप्पांनी खिचडीतली बटाट्याची फोड बोटांत धरून संशयाने पाहिली. मग खाल्ली. उठले, आतल्या खोलीतल्या आढीतून एक आंबा निवडून आणला, देठाशी हुंगला आणि स्वतः सुरी घेतली. आप्पा कुणाला आंबा कापून देत नसत, तलाठ्यालासुद्धा नाही. सगळ्या फोडी त्यांनी सुजयपुढे सरकवल्या.

"हा तरी आमचाच ना रे?"

वेदिकाने पाय पुन्हा दाबला. सुजयने एक फोड सालीपर्यंत चोखून खाल्ली. फार वेळ लावला मेल्याने.

"आपलाच, आप्पा."

टेबलाखाली वेदिकाने त्याच्या पायावरचा पाय काढून घेतला.