बिबीजानचं वय

दाराची कडी वाजली तसा हसीनाचा हात हलला आणि ब्रशच्या टोकावरचा तपकिरी थेंब चित्रातल्या बाईच्या हनुवटीवर पडला. तिनं चटकन ओल्या फडक्याचा कोपरा त्यावर टेकवला. थेंब पसरला नाही, पण निघालाही नाही. कागदानं तो पिऊन टाकला होता.

"ये कस्तुरा," तिची अम्मा जन्नतबी दारात म्हणत होती. "ईदीच्या दिवशी दुपार करून येतीस व्हय? सकाळधरनं हात मोकळं हायेत माझं."

कस्तुराबाई कासारीण गावोगाव फिरून बांगड्या भरायची. तिनं गाठोडं सोडलं, जन्नतबीचा हात मांडीवर घेतला आणि बांगडी चढवता चढवता खिडकीखाली वाळत ठेवलेल्या चित्राकडं पाहिलं. तिचा हात थांबला.

"आगं बया! ही म्हाळसा इथं कशी?"

"कोण म्हाळसा?" हसीनानं विचारलं.

"भांडगावच्या हौसरावांची सून. माहेर कवठे येमाईचं. गेल्या महिन्यातच चुडा भरला मी तिला, पोटुशी हाय म्हणून." कस्तुराबाईनं मान पुढं काढली. "हनुवटीवरचा तीळ तेवढा न्हवता तवा."

जन्नतबीच्या मनगटावरची बांगडी पिचली. तिनं हात मागं घेतला नाही.

चित्र बिबीजानचं होतं. जन्नतबीची थोरली लेक. हसीना जन्मायच्या आधीच ती देवीच्या साथीत गेली होती. तेव्हा तिला नीट चालताही येत नव्हतं. तिचा फोटो नव्हता. पुढं हसीना शाळेत चित्रकलेची परीक्षा पास झाली, तिला रंगाची पेटी मिळाली, आणि त्या ईदला जन्नतबी तिच्यासमोर येऊन बसली. "तुझी बहीण आज केवढी असती, ते काढ." हसीना काढत गेली आणि जन्नतबी सांगत गेली. कपाळ जरा रुंद कर. न्हाई, ही ती न्हवं. अजून न्हाई. कागदामागून कागद गेले. मग एकदा जन्नतबी गप्प झाली, आणि हसीनाला कळलं की आता ती आली.

तेव्हापासून दर ईदला एक चित्र व्हायचं आणि बिबीजान एका वर्षानं मोठी व्हायची. नमाजाच्या घरात तसबिरी नकोत म्हणून चित्रं चादरीत गुंडाळून ट्रंकेत राहत. अकबर, हसीनाचे वडील, दौंडच्या लोको शेडमध्ये फिटर होते. ट्रंक उघडली की ते उठून बाहेर जात. "कबरीतल्याला वय नसतं," एवढंच ते एकदा म्हणाले होते. त्यांनीच तिला मातीत ठेवलं होतं.

चार दिवसांनी माय-लेकी एसटीनं भांडगावला निघाल्या. जन्नतबीच्या मांडीवर चादरीचं गाठोडं होतं. हसीनानं पिशवीत रंगाची पेटी, पाटी आणि कोरे कागद टाकले होते. चेहरा वेगळा निघाला तर अम्मा तिथंच दुरुस्त करायला लावील, असं तिला वाटत होतं. चेहरा वेगळाच निघावा, असंही वाटत होतं.

फाट्यावर कस्तुराबाई थांबलीच होती. हौसरावांच्या ओसरीवर त्यांची बायको झुंबरबाई बाजरी पाखडत बसली होती. कासारणीबरोबर आलेल्या म्हणून तिनं दोघींना घोंगडी टाकून दिली आणि आत हाक मारली, "म्हाळसे, पाणी आण गं."

म्हाळसा तांब्या घेऊन बाहेर आली. पोट दिसत होतं. हसीनानं आधी तिचा कान पाहिला. कानाची पाळी मानेला चिकटून खाली उतरत होती. तो बाक तिनं कितीदा तरी काढला होता, आणि मनानंच काढला आहे असं तिला वाटत आलं होतं. मग हनुवटी. तिथं एक बारीक काळी खपली होती.

"हे काय झालं?" जन्नतबीनं विचारलं. पाण्याचा तांब्या तिनं घेतलाच नव्हता.

"फोडणी उडाली," म्हाळसा अनोळखी बाईला हसून म्हणाली. "तुमच्या ईदीच्याच दिवशी. दुपारच्याला."

हसीनानं हात पदराखाली घेतले.

जन्नतबीनं गाठोडं सोडलं. ती एकेक चित्र घोंगडीवर मांडत गेली. परकरातली पोर, वेण्यांतली, मग मोठी, आणि शेवटी यंदाची, हनुवटीवर थेंब सांडलेली. म्हाळसा आधी उभ्यानं बघत होती, मग भिंतीला धरून खाली बसली.

"ही मीच की," ती म्हणाली. "कवा बघितलं तुम्ही मला?"

"न्हाई बघितलं, बाई," हसीना म्हणाली. "ही माझी बहीण हाय. ती कवाच गेली."

म्हाळसानं ते ऐकलं की नाही, कळलं नाही. एका चित्रावर तिनं बोट ठेवलं. त्यात मुलीचे केस अगदी आखूड होते. केसांचा रंग बिघडला म्हणून हसीनानं तो फडक्यानं उचलला होता आणि कागद तसाच फिका राहिला होता.

"ह्या साली मला मोठा ताप आला. सगळं केस गेलं."

बोट पुढं सरकलं. पुढच्या एका चित्रात डोळ्यांखाली सावली जरा गडद पडली होती. म्हाळसानं तिथून बोट उचललं. झुंबरबाईच बोलली.

"तवा हिचं पहिलं पोर गेलं." तिनं सूप बाजूला सारलं. "हे काय बरं न्हाई, बाई. उचला ते. आणा इकडं, चुलीत घालते."

तिनं हात पुढं केला, तशी म्हाळसा दोन्ही तळवे चित्रांवर टेकून ओणवी झाली.

"जाळू नका!"

झुंबरबाईनं हात हळूच मागं घेतला आणि लुगड्याला पुसला. अंगणात कोंबड्या सांडलेली बाजरी टिपू लागल्या, त्यांना कोणी हाकललं नाही.

म्हाळसा सावकाश सरळ झाली. पोटावर एक हात ठेवून तिनं हसीनाकडं पाहिलं.

"फुडच्या सालचं काढलंय का?"

"न्हाई. ईद आल्यावर काढते."

"फुडच्या ईदीला तुमच्या हातून कायबी पडंल."

"मी मुद्दाम न्हाई केलं," हसीना म्हणाली. "मी आता काढतच न्हाई. ब्रशच धरत न्हाई."

"आन् न्हाई काढलं तर?"

कस्तुराबाई खांबाला टेकून जमिनीकडं बघत होती. म्हाळसानं पिशवीतून डोकावणारी रंगाची पेटी पाहिली होती. ती ओढून तिनं हसीनाच्या पुढ्यात ठेवली.

"मला म्हातारी काढा," ती म्हणाली. "आत्ताच. केस पांढरं, दात पडल्यालं, पार सुरकुतल्याली काढा."

"आन् मधली सालं?"

"मधली माझी मला असू द्या."

हसीनानं आईकडं पाहिलं. लेक एकदम म्हातारी झाली की पुढच्या ईदला काढायला काही उरणार नव्हतं, त्याच्या पुढच्याही नाही. जन्नतबी चित्रांकडं बघत होती. तिनं परकरातली पोर उचलली, थोडा वेळ हातात धरली, आणि परत तिच्या जागी ठेवली. मग म्हाळसाकडं वळून म्हणाली, "आई हाय का तुला?"

"हाय. कवठ्याला."

"हां," जन्नतबी म्हणाली. "मग बरं हाय." आणि हसीनाकडं न बघता, "काढ."

झुंबरबाईनं स्वतः उठून वाटीत पाणी आणून दिलं. हसीनानं गुडघ्यावर पाटी आणि पाटीवर कागद ठेवला. कपाळ आलं, कानाचा बाक आला. ते तिच्या हाताला पाठ होतं. पण तोंडाशी ब्रश थांबला. गालाची हाडं कुठं वर येतात, ओठ कसे आत ओढले जातात, हे तिला ठाऊक नव्हतं. म्हाळसाच्या तुकतुकीत चेहऱ्यावर ते कुठंच दिसत नव्हतं. कागदावरचं पाणी वाळू लागलं.

जन्नतबी सरकत ओसरीच्या कडेला उन्हात येऊन बसली. तिनं डोक्यावरचा पदर मागं घेतला, कानामागं केस सारले आणि आपलं सुरकुतलेलं तोंड वर करून हसीनासमोर धरलं.