मी गळले तो दिवस

मित्रांनो, मी रबराची एक जुनी गरम पाण्याची पिशवी आहे आणि मला भोक पडलेलं आहे. भोक पडलं, आता मला कुणी विचारत नाही, असं रडगाणं गायला मी बसलेले नाही. माझी हकिगत ऐकलीत तर तुम्हीही म्हणाल, पडलं ते बरंच झालं. पण ती सांगताना आजही माझं रबर आक्रसतं, इतकी मी त्या दिवशी भ्यायले होते.

कारखान्यातल्या साच्यातून निघाले तेव्हा मी गडद लाल होते आणि अंगाला उग्र वास होता. खोक्यात बसून, जहाजातून हेलकावे खात मी उत्तरेकडच्या फेरो बेटांवर आले. तिथल्या राजधानीत, तोर्सहावनच्या एका दुकानात त्रोंदुर नावाच्या मेंढपाळानं मला उचललं. त्याची मुलगी मालान तेव्हा शाळेत जात होती आणि तिचं पोट सारखं दुखायचं. घरी गेल्यावर त्रोंदुरच्या बायकोनं आपल्याच मेंढ्यांच्या तपकिरी लोकरीचा अंगरखा माझ्यासाठी विणला. तो अजून माझ्या अंगावर आहे. विणणारी मात्र गेली.

पुढे मोठ्या इस्पितळात मालानच्या दुखण्याला क्रोनचा आजार असं नाव मिळालं. आतडं आतून सुजतं, थोडं बरं होतं, पुन्हा सुजतं. दर वेळी आत वण राहतो आणि वणांमुळे वाट अरुंद होत जाते. आमच्या बेटांवर हे दुखणं बऱ्याच घरांत आहे, पण चारचौघांत कुणी त्याचा विषय काढत नाही. त्रोंदुर तर एवढंच म्हणायचा, "आमच्या घराण्यात असलं काही नव्हतं बुवा." जणू मालाननं ते कुठून तरी विकत आणलं होतं!

माझं काम पोटावर पडून राहायचं. त्यामुळे मला आतलं सगळं ऐकू येई. चांगलं पोट बडबडं असतं. गुडगुडतं, कुरकुरतं, मध्येच थांबतं, पुन्हा सुरू होतं. वाट अडली की ते आधी आरडाओरडा करतं. कळ आली की माझ्याखालचं पोट ताठ उभं राहतं आणि बारीक नळीतून पाणी जोरानं निघावं तसा आवाज येतो. कळ ओसरली की मालान श्वास सोडते, आणि आम्ही दोघी पुढच्या कळेची वाट बघत पडून राहतो. त्या मधल्या वेळेइतकं भय मला उकळत्या पाण्याचंही वाटत नाही.

अशी वाट कितीदा तरी अडली. बहुतेक वेळा उपाशी राहून, घोटघोट पाणी पिऊन ती मोकळी व्हायची. कधी इस्पितळात जाऊन नाकातून नळी घालून घ्यावी लागे. मालान गाळलेलं सूप प्यायची, बटाटे कुस्करून खायची, रूबार्ब नावाच्या आंबट भाजीच्या देठाची शीर न् शीर सोलून काढायची. आणि दुखायला लागलं की मला छातीशी धरून म्हणायची, "तू नसतीस तर माझं काय झालं असतं गं?" मी फुलून जायचे. कौतुक कुणाला नको असतं?

मालानचं लग्न सामलशी झालं. सामल समुद्रातल्या जाळ्यांत सॅमन मासे वाढवणाऱ्यांकडे कामाला होता, आणि गावाच्या बचावहोडीचं सुकाणूही त्याच्याच हाती असे. आमच्या लहानशा बेटावर डॉक्टर नाही. कुणी आजारी पडलं की हेलिकॉप्टर येतं. धुकं किंवा वादळ असलं की ते येत नाही, मग होडी निघते. एकदा वादळात असंच कुणाला तरी पोचवून सामल परत आला तो कपाळ फुटलेलं घेऊन, आणि त्या रात्री जेवलाही नाही. तेव्हापासून मालाननं एक धसका घेतला. आपल्यासाठी कधी होडी निघू नये. स्वतःच्या पोटापेक्षा तिला त्या होडीची भीती जास्त.

आता त्या नाताळाचं सांगते. शरदात मेंढे कापले की आमच्याकडे त्यांच्या मांड्या फटींच्या लाकडी खोपटात टांगतात. मीठ नाही, धूर नाही, नुसता समुद्रावरचा वारा महिनोन्महिने त्या वाळवतो. नाताळात पहिली मांडी उतरते. ते मांस शिजवत नाहीत. पातळ काप काढायचे आणि चावत बसायचं. त्या वर्षीची मांडी मालानच्या स्वतःच्या मेंढ्याची होती. त्रोंदुर सुरीच्या टोकावर काप घेऊन तिच्यासमोर उभा राहिला.

"घे पोरी. तुझ्या मेंढ्याचा आहे, पहिला मान तुझा."

"बाबा, मला नाही चालत हे. तंतू अडकतात."

"कागदासारखा कापलाय की! चावून चावून खा. तुझी आई असती तर तिनं हातानं भरवला असता."

"राहू द्या ना तिला," सामल म्हणाला.

"तू गप रे. जाळ्यात कोंडलेले मासे पोसणारा तू, तुला वाऱ्यावरच्या मांसाचं काय कळणार?"

सगळे हसले. मालानही हसली आणि तिनं तो काप खाल्ला. बापाचा चेहरा इतका खुलला की तिनं आणखी एक घेतला. मी खुर्चीच्या पाठीवर लटकत होते. मला तेव्हाच धास्तावल्यासारखं झालं, पण पिशवीचं कोण ऐकतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीबाहेर काही दिसत नव्हतं. डोंगर, चर्च, बंदर, सगळं धुक्यानं गिळलेलं. मालानचं पोट दुखायला लागलं होतं, पण सामलला तिनं सांगितलं, "काही नाही, जा तू," आणि तो जाळ्यांकडे गेला. त्रोंदुर दार न वाजवता आत आला, आमच्याकडे कुणीच वाजवत नाही, आणि मुलीला अंथरुणात बघून त्याचं तोंड उतरलं.

"फोन करू का इस्पितळात?"

"नको. धुक्यात ते उडत नाहीत. होडी काढतील, आणि होडीवर सामल असेल."

"मग काय करायचं?"

"पिशवी भरून द्या, बाबा."

त्यानं मला भरलं. मी पोटावर गेले. मालानच्या कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या. पाणी निवलं की त्रोंदुर पुन्हा भरायचा, आणि दर वेळी विचारायचा, "बरं वाटतंय ना?" ती मान हलवायची. मित्रांनो, तिला बरं वाटायला मीच लावत होते. आतली वाट मात्र मी उघडत नव्हते. मी गरम होते म्हणून ती थांबत होती, आणि निवायचं म्हटलं तर ते माझ्या हातात नव्हतं.

दुपारकडे तिला हिरवट उलटी झाली. बापाला दिसू नये म्हणून ती स्वतःच उठून बादली धुऊन आली. पोट अजून ओरडत होतं. मग कळांमधली ओरड बारीक होत गेली, विरळ झाली आणि थांबली. मी कान लावून बसले. गुडगुड नाही, कुरकुर नाही. इतक्या वर्षांत ते पोट माझ्याखाली असं कधीच गप्प झालं नव्हतं.

"बाबा, जरा कमी आहे वाटतं," मालान म्हणाली.

"बघ! सांगत नव्हतो मी?" असं म्हणून त्रोंदुर कॉफी ठेवायला उठला.

मी घाबरून गेले; हे बरं होणं नव्हतं, आतडं हरलं होतं. ओरडावंसं वाटत होतं, पण तोंडाला घट्ट बूच. तेवढ्यात माझ्या कडेचा जुना सांधा सुटला. मी काही ठरवून केलं नाही. म्हातारं रबर, किती ताण सोसणार? कोमट पाणी भळभळा तिच्या अंगावर, अंथरुणावर सांडलं.

"अगं, भाजलं का?" त्रोंदुर टॉवेल घेऊन धावला. ओला सदरा त्यानं वर केला आणि तसाच थांबला. पोट फुगून टम्म झालं होतं, कातडी ताणून चकाकत होती. त्यानं तळवा ठेवला. मालान कळवळली.

"हे कधीपासून असं आहे?"

"सामलला नका ना सांगू, बाबा. तो बुडाला तर?"

"आणि तू इथे माझ्यासमोर गेलीस तर? त्याला काय सांगू मी? मांस कुणी चारलं, ते सांगू?" त्यानं सामललाच फोन लावला.

सामल धावत आला. तिला घोंगडीत गुंडाळताना तो तिच्यावर ओरडतही होता आणि रडतही होता. "वेडी आहेस का तू? धुकं असलं की समुद्र सपाट असतो, हे इथल्या शेंबड्या पोराला कळतं. सकाळी पाणी कसं गुळगुळीत होतं! तुझ्या हातातल्या बशीतली कॉफी सांडली नसती, असं नेलं असतं तुला. आता वारा सुटलाय, मालान. आता सुटलाय!"

खरंच, खिडक्या थडथडत होत्या. बेटावर जन्मलेली बाई, पण भीतीनं तिला एवढंही विसरायला लावलं होतं. सामलसह होडीवरच्या चौघांनी तिला उचलून खाली बंदरात नेलं.

त्रोंदुर मागे राहिला. त्यानं मला पिळून चुलीजवळच्या खिळ्यावर अडकवलं. टेबलावरची मांसाची ताटली उचलून बाहेर नेली आणि रिकाम्या हातानं आत आला. मग फोनसमोर बसून राहिला. वारा वाढत गेला. त्या बसण्यात त्याचं वय माझ्यादेखत वाढलं. फोन वाजला तेव्हा तो उचलायचंही त्याला धैर्य होईना.

होडी पोचली होती. मालानच्या आतड्याचा काळवंडत चाललेला तुकडा कापून काढला होता. आणखी थोडा उशीर झाला असता तर, असं इस्पितळातली बाई सांगू लागली, तेव्हा त्रोंदुर म्हणाला, "पुढचं नका सांगू."

मालान घरी आली तेव्हा दिवस मोठे होऊ लागले होते. पोटावर लांब शिवण, अंगावर मूठभर मांस. आजार गेलेला नाही. जिथे जोडलंय तिथे पुन्हा वण धरू शकतो. सामल मला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ लावायला निघाला, तर मालान म्हणाली, "राहू दे. आईचा अंगरखा आहे, म्हणून लटकू दे नुसती."

गेल्या शरदातली गोष्ट. मालान सकाळी बटाटे सोलत होती. सोलता सोलता थांबली, पोटाशी हात नेला. मला खिळ्यावरून तिच्या पोटातलं काही ऐकू येत नाही, आणि त्यामुळे भीती कमी होत नाही, वाढतेच. ती माझ्याकडे आली. जुन्या सवयीनं तिनं मला काढलं, बूच उघडलं, किटलीतलं पाणी ओतायला लागली. पाणी कडेनं सरळ मोरीत गेलं. तिनं खिडकीतून पाहिलं. बाहेर दाट धुकं होतं.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझी एखादी बहीण असेल. तिचा शेक जरूर घ्या, तिला नीट वाळवून ठेवा, उन्हात टाकू नका. पण ती ऊब देते, दार उघडत नाही, हे विसरू नका. आणि कुणाचं दुखणं शेकावर शेक घेऊन लपत असेल, तर पिशवी पुन्हा भरून देण्याआधी एकदा सदरा वर करून बघा.

मालाननं मला खिळ्यावर परत अडकवलं आणि फोन लावला.

"सामल, पोट दुखायला लागलंय. आत्ताच. नाही रे, सहन होतंय अजून. म्हणून तर सांगतेय."

थोड्याच वेळात खालून, धुक्यातून, होडीच्या इंजिनाचा आवाज आला. मी खिळ्यावर रिकामी लटकत तो ऐकत राहिले.